तुमचे प्रश्न : वर्षानुवर्षं चालणाऱ्या मानसिक आरोग्याच्या अभ्यासात पीएचडी करताना

मागच्या अंकात लिहिलं होतं की माणसांचा एकच गट धरायचा, त्यांना लहानपणापासून वर्षानुवर्षं भेटत राहायचं आणि त्यांचं मन कसं बदलत जातं ते बघायचं, असे लाँगिट्युडिनल अभ्यास असतात आणि त्यात रिसर्च शिकणारी मुलंमुली लागतात. त्यावर इतके मेल आलेत की आजचा अख्खा कॉलम त्यालाच देतेय. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही, जे प्रश्न फिरून फिरून आले तेवढे घेतलेत, नावं अर्थातच काढून टाकलीत.

प्रश्न : ताई नमस्कार, माझं सायकॉलॉजीत मास्टर्स झालंय आणि अशाच एका जुन्या अभ्यासात पीएचडीची जागा मिळालीये. तो सुरू झाला तेव्हा माझा जन्मसुद्धा झाला नव्हता. गाईड म्हणतात नवीन डेटा गोळा करायचा नाही, आहे त्यातूनच प्रश्न काढ. बरोबरच्या सगळ्या जणी स्वतः फिरून सर्व्हे करतायत आणि मी आपली रोज बसून कोडबुक, म्हणजे डेटातल्या कुठल्या रकान्याचा काय अर्थ त्याची यादी, वाचतेय. यात माझं असं काय असणार? मला प्लीज तू म्हणा.

उत्तर : बरं, तू म्हणते. तुझ्या मैत्रिणी जे करतायत ते चांगलंच आहे पण त्यांना एक गोष्ट कितीही फिरल्या तरी मिळणार नाही, ती म्हणजे गेलेला काळ. आज तिशीतल्या माणसाला बसवून विचारलं की बाबा तुला दहाव्या वर्षी कसं वाटायचं, तर तो खोटं बोलत नाही पण त्याला जे सांगता येतं ते आजच्या मनाने रंगवलेलं असतं. न्यूझीलंडमधला डनेडिन अभ्यास बघ, १९७२-७३ मध्ये एका शहरात जन्मलेली १०३७ मुलं तिसऱ्या वर्षापासून धरली आणि आजतागायत त्यांचा पाठपुरावा चालू आहे. तिथे मुलं १८ वर्षांची झाल्यावर त्यांना लहानपणाबद्दल विचारलं आणि आधी त्या त्या वयात केलेल्या नोंदींशी ताडून पाहिलं. घर किती वेळा बदललं, उंची-वजन किती होतं असल्या गोष्टी त्यातल्या त्यात बऱ्या जुळल्या, पण घरात भांडणं किती होती, स्वतःला कसं वाटायचं, आई उदास असायची का, या मनाच्या गोष्टी फारच कमी जुळल्या. आणि आपल्याला तर नेमक्या त्याच हव्या असतात ना.

पुढे तर अजून धक्कादायक आहे. त्याच मुलांना दर काही वर्षांनी भेटून वेळच्या वेळी डिप्रेशन, अँक्झायटीची लक्षणं नोंदवत गेले आणि ती ३२ वर्षांची होईपर्यंतची बेरीज केली तर जवळपास निम्म्यांना कधी ना कधी अँक्झायटीचा आजार आणि साधारण ४१ टक्क्यांना डिप्रेशन होऊन गेलेलं निघालं. मोठ्या देशव्यापी सर्व्हेमध्ये लोकांना एकदाच गाठून "आयुष्यात कधी असं झालं होतं का" विचारून जे आकडे येतात त्याच्या हे साधारण दुप्पट आहे. लोक विसरतात. त्रास होऊन गेला, माणूस सावरला आणि पाच-सात वर्षांनी त्याला आठवतसुद्धा नाही की आपण तीन आठवडे अंथरुणातून उठलो नव्हतो. तू जी कोडबुकं वाचतेयस त्यात हे न विसरलेलं पडलंय, कुणीतरी त्या त्या वर्षी जाऊन विचारून ठेवलेलं.

आता "माझं काय" हा प्रश्न. तुझा असतो तो प्रश्न, डेटा कधीच कुणा एकाचा नसतो. अमेरिकेत ग्रेट स्मोकी माउंटन्स नावाचा अभ्यास १९९३ मध्ये सुरू झाला, १४२० मुलं, सुरुवातीला ९ ते १३ वयाची, त्यातली साधारण पाव मुलं तिथल्या मूलनिवासी समाजाची. ग्रामीण भागातल्या मुलांमध्ये मानसिक आजार किती आणि मदत किती जणांना मिळते एवढंच बघायचं होतं. मधेच १९९६ ला त्या समाजाच्या जमिनीवर कॅसिनो उघडला आणि नफ्यातला वाटा त्या समाजातल्या प्रत्येकाला मिळायला लागला. हे कुणीच ठरवलं नव्हतं. पण डेटा आधीपासून दरवर्षी येत होता म्हणून कुणाला तरी विचारता आलं की गरिबी कमी झाली की मुलांचं मन सुधारतं का, आणि उत्तरही साधं सरळ नाही आलं, म्हणजे गरिबीतून वर आलेल्या घरांतल्या मुलांचं उलट बोलणं, मारामाऱ्या, नियम मोडणं हे कधीच गरीब नसलेल्या मुलांइतकं खाली आलं पण चिंता आणि उदासी होती तिथेच राहिली. अभ्यास सुरू करताना हा प्रश्न कुणाच्या डोक्यात नव्हता, असूच शकत नव्हता.

म्हणून कोडबुक वाचण्याला कमी समजू नकोस. फक्त एक कर, नुसतं व्हेरिएबलचं (डेटातल्या रकान्याचं) नाव वाचू नकोस, मूळ प्रश्नपत्रिका काढ, तो प्रश्न कुणाला विचारला होता, मुलाला की आईला की शिक्षकाला, त्याच्या आधी कुठला प्रश्न होता, कुणाला तो गाळून पुढे जायला सांगितलं होतं, हे सगळं बघ. डेटात एखाद्या ठिकाणी शून्य दिसतं, त्याचा अर्थ "नाही" असा असू शकतो किंवा "विचारलंच नाही" असाही. पहिले काही महिने यातच जातात आणि गेलेच पाहिजेत. माझ्या हाताखाली ज्या मुलांनी ही घाई केली नाही त्यांचेच पुढचे चॅप्टर सरळ झाले.

आणि गाईडला एक विनंती जरूर कर की फिल्डवर एक तरी फेरी करायला मिळू दे. आकड्यामागचा माणूस एकदा तरी समोर बसलेला बघायलाच हवा.

प्रश्न : माझ्या डेटात पहिल्या वेव्हला, म्हणजे सगळ्यांना भेटण्याच्या पहिल्या फेरीला, भरपूर लोक आहेत, तिसऱ्या वेव्हपर्यंत बरेच गळालेत. सीनियर म्हणतो ज्यांचा डेटा पूर्ण नाही त्या रो (ओळी) उडव आणि पुढे चल, सगळे तेच करतात. मला मनापासून पटत नाहीये पण नेमकं काय चुकतंय तेही सांगता येत नाही.

उत्तर : तुम्हाला जे खटकतंय ते अगदी बरोबर खटकतंय, आणि मानसिक आरोग्याच्या अभ्यासात तर ते जास्तच खटकायला हवं. कोण गळतं हो? ज्याचं घर सारखं बदलतं तो, ज्याची नोकरी सुटली तो, ज्याला दार उघडून अनोळखी माणसाशी बोलण्याची ताकद राहिलेली नाही तो. म्हणजे आपण ज्यांच्यासाठी अभ्यास काढला तेच आधी निसटतात आणि उरलेले जरा बरे असलेले लोक धरून आपण लिहितो की वयाबरोबर लोकांची तब्येत सुधारते.

पण याचा परिणाम सगळ्या निष्कर्षांवर सारखाच होत नाही, हे नीट समजून घ्या. इंग्लंडमध्ये आल्स्पॅक नावाचा मोठा अभ्यास आहे, १९९१-९२ च्या सुमारास गरोदर असलेल्या बायकांपासून सुरू झालेला. तिथे २००९ मध्ये हेच तपासलं होतं. त्रासदायक वागणूक असलेली मुलं जास्त गळाली होती, त्यामुळे किती टक्के मुलांना आजार आहे हा आकडा खराच्यापेक्षा कमी आला, पण कुठल्या गोष्टीवरून पुढचा आजार सांगता येतो हा संबंध मात्र फारसा हलला नाही. म्हणजे तुमचा प्रश्न "किती" असा असेल तर गळती तुम्हाला जबरदस्त फसवेल, "कशाचा कशाशी संबंध" असा असेल तर कदाचित कमी फसवेल. कदाचित म्हणतेय. जो माणूस आत्ताच्या डिप्रेशनमुळेच आत्ताच्या भेटीला आला नाही त्याचं डिप्रेशन तुमच्याकडे नोंदलेलंच नाही, आणि तिथे कुठलंही सॉफ्टवेअर तुम्हाला हमी देऊ शकत नाही.

करायचं काय तर सगळ्यात आधी एक टेबल बनवा, राहिलेले विरुद्ध गेलेले, पहिल्या वेव्हच्या सगळ्या महत्त्वाच्या गोष्टींवर, म्हणजे शिक्षण, घरची परिस्थिती, सुरुवातीचा लक्षणांचा स्कोअर. हे टेबल थिसिसच्या परिशिष्टात लपवू नका, पुढे ठेवा. मग मल्टिपल इम्प्युटेशन (गहाळ उत्तरांच्या जागी अनेकदा अंदाज भरून बघणं) किंवा फुल इन्फर्मेशन मॅक्सिमम लाइकलीहुड (ज्याचा जितका डेटा आहे तितका सगळा वापरून हिशोब करणं) यापैकी जे तुमच्या मॉडेलला जमतं ते शिका, आणि त्यात फक्त तुमच्या मॉडेलमधले व्हेरिएबल न घालता गळती कशामुळे झाली ते सांगणारेही घाला, नाहीतर इम्प्युटेशन करून उपयोग नाही. शेवटी सेन्सिटिव्हिटी अ‍ॅनालिसिस, म्हणजे समजा गेलेल्या लोकांची तब्येत आपण धरली त्याहून इतकी वाईट होती तर निष्कर्ष टिकतो का, असं मुद्दाम ताणून बघायचं. सीनियरला हे तीनही करून दाखवा, रो उडवून आलेलं उत्तर शेजारी ठेवा. कधीकधी दोन्ही सारखी येतात, छानच झालं, पण ते बघितल्यावरच म्हणता येतं.

अजून एक, आणि हे मला फार जवळचं आहे. गळती हा काही फक्त स्टॅटिस्टिक्सचा विषय नाही, ती आधी फोनवर आणि दारात थांबवायची असते. डनेडिनच्या अभ्यासात ४५ व्या वर्षी हयात असलेल्या ९९७ पैकी ९३८ जण आले, म्हणजे ९४ टक्के. लोक जगभर पांगलेले, त्यांना प्रवासखर्च देऊन परत बोलावतात. पण मला नाही वाटत लोक तिकिटासाठी येतात. येतात कारण इतकी वर्षं त्यांची गोष्ट बाहेर फुटलेली नाही, कारण त्यांना कुणी वागवताना घाई केली नाही. आमच्याकडे प्रत्येक सहभागीचं एक संपर्क-पान असायचं, त्यावर "संध्याकाळी सातनंतरच फोन", "घरच्यांना अभ्यासाचं नाव सांगू नये, जुनी ओळख आहे म्हणावं", "पत्ता बदलला तर बहिणीला विचारायला हरकत नाही, स्वतः सांगितलंय" असं लिहिलेलं. पाच वर्षांनी आलेल्या नव्या मुलीने ते पान वाचून बरोबर सातनंतर फोन केला की समोरचा माणूस आवाजातच सैल होतो. ट्रेनिंगमध्ये मी नव्या मुलांना आधी ही पानं वाचायला लावते, मग डेटा.

प्रश्न : नमस्कार मॅडम. माझी मुलगी अशा एका अभ्यासात इंटरव्ह्यू घेते, रिसर्चचं शिक्षणही तिथेच चालू आहे. लोक तिला आत्महत्येचे विचार, घरातला छळ असलं सगळं सांगतात. घरी आल्यावर गप्प असते, विचारलं तर गोपनीय आहे म्हणते. ती अजून शिकतेय, डॉक्टर नाही. तिच्या मनावर परिणाम होईल का आणि काही बरंवाईट झालं तर जबाबदार कोण?

उत्तर : काका, तुमची काळजी रास्त आहे. ती गोपनीय म्हणते ते बरोबरच करतेय, पण गोपनीय असतं ते सहभागीचं नाव आणि गोष्ट. "आज मला जड गेलं" हे सांगायला काहीच बंदी नाही, तेवढं तिला तुमच्याकडून कळू द्या.

जबाबदारीचं म्हणाल तर चांगल्या अभ्यासात ती कधीच एकट्या इंटरव्ह्यू घेणाऱ्या मुलीवर नसते. एक उदाहरण देते. पीएचक्यू-९ नावाची डिप्रेशनची प्रश्नावली खूप ठिकाणी वापरतात, नऊ प्रश्न, गेल्या दोन आठवड्यांबद्दल, प्रत्येकाला शून्य ते तीन, एकूण २७. त्यातला नववा प्रश्न मरून गेलेलं बरं किंवा स्वतःला इजा करावी असे विचार येतात का, हा आहे. त्यावर शून्याखेरीज काहीही उत्तर आलं की पुढे काय करायचं ते आधीच लिहून ठेवलेलं पाहिजे. अजून कुठले प्रश्न विचारायचे, कुणाला त्याच क्षणी फोन लावायचा, तो फोन उचलणारा क्लिनिशियन त्या दिवशी कोण आहे, सहभागीला एकटं कधी सोडायचं नाही. आणि सुरुवातीच्या संमतीपत्रातच लिहिलेलं असतं की तुमच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका वाटला तर आम्ही गोपनीयता बाजूला ठेवून मदत मागवू. तिला साधं विचारा, नवव्या प्रश्नाला "हो" आलं तर तू काय करतेस? तिने न अडखळता सांगितलं तर तुम्ही बऱ्यापैकी निश्चिंत राहा. "बघू, मॅडमना विचारीन उद्या" असं म्हणाली तर तिने गाईडशी लगेच बोलायला हवं, अगदी उद्याच, आणि तिथे एथिक्स कमिटी असते, तीही याच्यासाठीच असते.

विचारण्याने लोकांच्या डोक्यात असे विचार येतील अशी भीती बऱ्याच जणांना असते म्हणून सांगते, आत्महत्येबद्दल नीट, शांतपणे विचारल्याने तसे विचार वाढत नाहीत, हे संशोधनात वारंवार दिसलंय. उलट कुणीतरी विचारलं याचं लोकांना हायसं वाटतं.

आता तिच्या मनाचं. होतो परिणाम, नाही कशाला म्हणू. सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो माहितीये, समोरचा रडतोय आणि आपल्याला पुढचा प्रश्न जसाच्या तसा वाचायचाय याचा. तिला तसंच शिकवलेलं असतं कारण सगळ्यांना तोच प्रश्न त्याच शब्दांत गेला नाही तर उत्तरांची तुलनाच होत नाही. समोरचा म्हणतो "तसं काही नाही, थोडंसं असतं" तर ती स्वतःहून "काही दिवस"वर टिक करू शकत नाही, तिला चारही पर्याय परत वाचून दाखवावे लागतात आणि त्याला निवडू द्यावं लागतं. "अरेरे" म्हणायचं नाही, सल्ला द्यायचा नाही. थांबायचं, पाणी द्यायचं, "आपण इथे थांबूया का" विचारायचं, हे मात्र करायचं असतं, आणि ते नीट जमायला वेळ लागतो. म्हणून एका दिवसात किती इंटरव्ह्यू घ्यायचे याला मर्यादा हवी, दर आठवड्याला सीनियरबरोबर बसून फक्त याच विषयावर बोलायची वेळ हवी, ज्यात डेटाचं काहीही विचारलं जात नाही. हे तिच्याकडे आहे का बघा. गप्प बसणं दोन-तीन दिवसांत सुटत असेल तर ठीक, पण झोप उडाली, जेवण सुटलं, एखाद्या सहभागीचीच गोष्ट डोक्यातून जात नाही असं झालं तर तिनेही मदत घ्यावी. दुसऱ्यांना मदतीचे नंबर देणाऱ्या मुली स्वतः तो नंबर फिरवायला फार संकोचतात, तिथे घरच्यांनी थोडं ढकलावं.

प्रश्न : आमच्या अभ्यासात अजून ऐंशीच्या दशकातले प्रश्न वापरतात. नवीन, चांगली स्केल्स (लक्षणं मोजायच्या प्रश्नावल्या) आलीत. बदलत का नाहीत? मी सुचवलं तर सगळे माझ्याकडे बघायलाच लागले.

उत्तर : कारण मधेच फूटपट्टी बदलली तर मूल वाढलं की पट्टी आखडली ते कळत नाही, एवढंच. निदानाची व्याख्याच बघा किती वेळा बदलली. डीएसएम म्हणजे मानसिक आजारांचं निदान कसं करायचं ते सांगणारं अमेरिकन पुस्तक, त्याची तिसरी आवृत्ती १९८०, तिची सुधारित १९८७, चौथी १९९४, पाचवी २०१३. चौथीत असं होतं की जवळचं माणूस गेल्यावर पहिले दोन महिने उदासीची लक्षणं असली तर सहसा डिप्रेशनचं निदान करायचं नाही, पाचवीत ती अट काढली. म्हणजे तोच माणूस, तेच दुःख, तीच लक्षणं आणि निदान मात्र सालावर अवलंबून. म्हणूनच शहाणे अभ्यास नुसतं "आजार आहे/नाही" न साठवता एकेक लक्षण साठवतात, म्हणजे उद्या व्याख्या बदलली तरी जुन्या उत्तरांवरून परत जुळवता येतं.

आणि बदल फक्त प्रश्नांचा नसतो, उत्तर देणाराही बदलतो. सात वर्षांच्या मुलाबद्दल आई आणि शिक्षक सांगतात, सतराव्या वर्षी तो स्वतः सांगतो. १९८७ मध्ये ११९ अभ्यास एकत्र करून बघितलं होतं तेव्हा पालक आणि शिक्षक अशा वेगवेगळ्या भूमिकेतल्या लोकांच्या उत्तरांचा सहसंबंध सरासरी फक्त ०.२८ निघाला (पूर्ण जुळली असती तर १ आला असता). कुणी खोटं बोलत नसतं, मूल घरी एक असतं आणि वर्गात वेगळं. तेव्हा तुमच्या ग्राफमध्ये तेराव्या वर्षी अचानक उडी दिसली तर आनंदाने उडी मारण्याआधी त्या वर्षी कोणाला विचारलं होतं ते बघा.

तरी तुमचं सुचवणं चूक नाही. मार्ग असा असतो की एका वेव्हमध्ये जुनं आणि नवं दोन्ही स्केल त्याच लोकांना द्यायचं, दोघांमधला पूल बांधायचा आणि मग पुढे जायचं. त्यासाठी सहभागींचा वेळ जातो आणि त्यांचा वेळ हीच अभ्यासातली सगळ्यात महाग गोष्ट आहे, म्हणून कोणत्या स्केलसाठी हे करायचं ते भांडून ठरवावं लागतं. तुम्ही दोन पानांचा प्रस्ताव लिहून द्या. कदाचित नाही म्हणतील, पण तो लिहिताना तुम्ही मेजरमेंट इन्व्हेरियन्स (वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या लोकांत पट्टी तेच मोजतेय का हे तपासणं) जितका शिकाल तितका कुठल्या कोर्समध्ये शिकणार नाही.

प्रश्न : दोन वर्षं घालवली आणि माझ्या मुख्य प्रश्नाचं उत्तर "काही संबंध नाही" असं आलं. गाईड म्हणतात डेटा खूप आहे, अजून दुसरे काही व्हेरिएबल घालून बघ, काहीतरी सापडेल. काय करू?

उत्तर : काहीतरी नक्कीच सापडेल, हीच तर भीती आहे. हजारो व्हेरिएबल असलेल्या डेटात चिकाटीने शोधलं तर रविवारी जन्मलेल्यांना कमी चिंता असते असंही सापडेल.

या क्षेत्रातला सगळ्यात मोठा धडा तुम्हाला माहीत असेल, तरी सांगते. २००३ मध्ये डनेडिनच्याच ८४७ लोकांच्या डेटावरून एक पेपर आला की सेरोटोनिन या मेंदूतल्या रसायनाशी संबंधित एका जीनचा विशिष्ट प्रकार असेल आणि आयुष्यात ताणाचे प्रसंग आले तर डिप्रेशनची शक्यता जास्त. गोष्ट इतकी सुंदर होती की सगळ्यांनी उचलली, शेकडो लोकांनी त्यावर करिअर उभी केली. मग २००९ मध्ये १४ अभ्यास एकत्र करून बघितलं तर जीन आणि ताणाचा तो एकत्र परिणाम दिसेना, ताणाचा परिणाम मात्र स्पष्ट दिसला. २०१८ मध्ये त्याहून कितीतरी मोठ्या एकत्रित तपासणीतही ठोस पाठिंबा मिळाला नाही. २०१९ मध्ये असे १८ नावाजलेले जीन लाखो लोकांच्या डेटावर तपासले तर त्यांचा डिप्रेशनशी संबंध इतर कुठल्याही जीनपेक्षा जास्त नव्हता. पहिला पेपर लिहिणाऱ्यांनी काही लबाडी केली होती असं नाही, त्या काळच्या पद्धतीने ते चोखच काम होतं. पण मधल्या वर्षांत किती विद्यार्थ्यांनी "संबंध नाही" असे निकाल कपाटात ठेवून दिले असतील याचा विचार केला की मला खरंच वाईट वाटतं, ते बाहेर आले असते तर बाकीच्यांची वर्षं वाचली असती.

म्हणून तुमचा निकाल लिहा. "काही संबंध नाही" एवढंच म्हणून थांबू नका, कॉन्फिडन्स इंटरव्हल (खरा आकडा साधारण कुठून कुठपर्यंत असू शकतो तो पट्टा) देऊन सांगा की किती मोठा संबंध तुमच्या डेटाने नाकारलाय, कारण सॅम्पल छोटं असल्यामुळे दिसला नाही आणि खरोखर नाही, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. गाईडना म्हणा, नवीन व्हेरिएबल बघते, पण आधी प्रश्न आणि अ‍ॅनालिसिसचा प्लॅन लिहून तारखेसहित रजिस्टर करते आणि थिसिसमध्ये त्याला "शोधक विश्लेषण" म्हणते. यावर प्रामाणिक गाईड नाही म्हणत नाही. म्हणालेच तर डिपार्टमेंटमधल्या दुसऱ्या कुणा अनुभवी माणसाशी बोला, एकटे कुढत बसू नका.

प्रश्न : एका सहभागीने मला सोशल मीडियावर फ्रेंड रिक्वेस्ट पाठवलीये. खूप चांगली बाई आहे. घेऊ का?

उत्तर : नको. तुम्ही तिच्याबद्दल जे जाणता ते तिच्या नवऱ्यालाही माहीत नसेल आणि तिला तुमच्याबद्दल काहीच माहीत नाही, अशी मैत्री बरोबरीची होत नाही. शिवाय तुमच्या फ्रेंड लिस्टवरून ती अभ्यासात आहे हे तिसऱ्याला कळू शकतं. गप्प राहून रिक्वेस्ट लटकवत ठेवू नका, ते तिला लागेल, अभ्यासाच्या अधिकृत नंबरवरून फोन करून प्रेमाने सांगा की नियमामुळे मला घेता येत नाही पण पुढच्या भेटीला मी असेन तर नक्की भेटू. आणि टीमला कळवून ठेवा.

प्रश्न : जॉइन करण्याआधी काय काय विचारून घ्यावं? पुढची वेव्ह माझ्या पीएचडीच्या चौथ्या वर्षी आहे आणि पेपरवर नावं कोणाची येतात याबद्दलही उलटसुलट ऐकलंय.

उत्तर : चौथ्या वर्षीच्या वेव्हवर मुख्य प्रश्न टांगू नका. वेव्ह पुढे ढकलली जाते, फंडिंग लांबतं, डेटा साफ होऊन हातात यायला गोळा झाल्यानंतरही वर्ष सहज जातं. थिसिस आहे त्या डेटावर उभी राहू दे, नवीन वेव्ह मिळाली तर एक चॅप्टर वाढेल.

विचारायचं ते हे, की डेटा मागायचा अर्ज किती दिवसांत मंजूर होतो, त्याच प्रश्नावर आधीच दुसरं कुणी काम करतंय का (हे आधी विचारलं नाही तर फार मनस्ताप होतो), स्टॅटिस्टिक्ससाठी कोणाकडे जायचं, डेटा फक्त ऑफिसच्या कॉम्प्युटरवर बघता येतो की घरूनही, फिल्डवर्क किती तास आणि ते थिसिसमध्ये धरलं जातं का, पीएचडी संपल्यावर डेटा वापरता येईल का. जुन्या दोन-तीन विद्यार्थ्यांना गाईडच्या गैरहजेरीत भेटा आणि किती वर्षांत संपलं ते विचारा. नावांचं म्हणाल तर मेडिकल जर्नलांचे सर्वमान्य निकष आहेत, कामात खरा वाटा, लिहिण्यात किंवा तपासण्यात सहभाग, अंतिम मसुद्याला मान्यता आणि छापलेल्याची जबाबदारी, चारही हवेत. ज्यांनी वीस वर्षांपूर्वी अभ्यास उभा केला त्यांचं नाव आपोआप यावं का यावर प्रत्येक टीमचा वेगळा रिवाज असतो, आणि ज्या फिल्डवरच्या लोकांनी हजारो दारं ठोठावली त्यांचं नाव आभारात एका ओळीत उरकतात याचं मला कायम वाईट वाटत आलंय, तुम्ही तरी त्यांची नावं नीट घाला, अर्थात त्यांना विचारून. पहिलं नाव कोणाचं हे पेपर लिहायला घेण्याआधी ठरवा, तोंडी नको, मेलवर, आणि मसुदा बदलला, कामाची वाटणी बदलली की तोच मेल पुन्हा उघडून सगळ्यांची परत संमती घ्या.